पदवीच्या दोन वाटा आणि माणचा विद्यार्थी

मुळशी तालुक्यातील माण या गावच्या ज्या गटांच्या सातबाऱ्यावर पूर्वी केवळ पिकांची नोंद होत असे, त्यांपैकी कितीतरी गटांवर आज महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे नाव चढले आहे. हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कचा विस्तार याच शिवारात झाला, आणि शिवाजीनगरकडे जाणाऱ्या सुमारे २३ किलोमीटरच्या मेट्रो मार्गाचे पहिले स्थानक व आगारही येथेच योजिले गेले. गावाच्या एका अंगाला संगणकावर चालणाऱ्या कामांचे जग आहे, तर काही कोसांवर पिंपरी, भोसरी आणि चाकण येथे पोलाद, रबर आणि वीज यांच्या साह्याने मोटारी घडविणारे दुसरे जग आहे. बारावीचा निकाल लागला की येथल्या घराघरांत, मुलाने किंवा मुलीने बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. यांसारखी ज्ञानप्रधान पदवी घ्यावी, की एखाद्या धंद्याचे प्रत्यक्ष शिक्षण देणारी व्यवसायप्रधान पदवी घ्यावी, या प्रश्नाचा खल सुरू होतो. आणि तो बहुधा मुलाच्या प्रकृतीवरून नव्हे, तर चारचौघांतील प्रतिष्ठेवरून निकालात निघतो, ही खेदाची गोष्ट आहे.

ही प्रतिष्ठा निसर्गदत्त नाही. तिला इतिहास आहे, आणि तो पुण्यातच घडलेला आहे. १८५४ मध्ये सरकारने पुण्यात इंजिनिअरिंगचा वर्ग आणि त्याला जोडून यांत्रिक शिक्षणाची शाळा काढली, ती इमारती, कालवे, पूल व लोहमार्ग यांच्या कामांवर देखरेख करणारे कनिष्ठ अंमलदार मिळावेत एवढ्याच हेतूने. तीन वर्षांनी मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, पुढे ही संस्था त्या विद्यापीठाशी संलग्न झाली, सरकारी दप्तरातील बऱ्या हुद्द्यांचा दरवाजा विद्यापीठाच्या पदवीनेच उघडतो हे लोकांना उमगले, आणि हाताच्या कामासाठी जन्मलेली ती शाळा कालांतराने बुद्धिमंतांचे तीर्थक्षेत्र बनली. २०२२ मध्ये तर ती स्वतंत्र तंत्रशास्त्र विद्यापीठ झाली. तेच ज्ञान, तोच पूल, तोच कालवा. परंतु प्रमाणपत्रावरील मुद्रा बदलली आणि मान बदलला. ज्या सीमारेषेच्या एका बाजूस विद्या आणि दुसऱ्या बाजूस कारागिरी उभी केली जाते, ती सीमारेषा अशी माणसांनी आखलेली आहे.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे जे निवेदन केले, त्यात सरकारी उच्च शाळांतील शिक्षण नित्याच्या व्यवहाराला उपयोगी नसून ते कारकून व शिक्षक निर्माण करण्यापुरतेच आहे, असा स्पष्ट आक्षेप होता. प्राथमिक शाळांच्या अभ्यासक्रमात हिशेब, इतिहास, भूगोल आणि व्याकरण यांच्याबरोबर शेतीचे मूलभूत ज्ञान व आरोग्याचे नियम असावेत, असा त्यांचा आग्रह होता. शेतकऱ्याच्या मुलाला इतिहास-व्याकरणही हवे आणि शेतीचे शास्त्रही हवे, या मागणीत आजच्या प्रश्नाचे उत्तर बीजरूपाने आहे.

किर्लोस्कर घराण्याचा वृत्तान्त त्या उत्तराला व्यवहाराचा आधार देतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकण्यास गेले, रंगांधत्वामुळे तो मार्ग सोडून यांत्रिक आरेखनाकडे वळले, व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी अध्यापन केले, आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडीस कारखाना उभारला. त्यांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील एम.आय.टी.मधून यंत्रशास्त्राची पदवी घेऊन आले, आणि १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. पित्याचे शिक्षण बहुतांशी कार्यशाळेतले आणि पुत्राचे विद्यापीठातले असले, तरी उद्योग वाढला तो दोन्ही शिक्षणांच्या संगमातून.

पुढे १९५४ मध्ये पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, साठच्या दशकात टेल्को आणि बजाज आले, आणि या पट्ट्याला फिटर, टर्नर, वेल्डर, टूल अँड डाय मेकर यांची तहान लागली. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने कारखान्यातील प्रशिक्षणास कायदेशीर चौकट दिली, आणि पुढे पदवीधरांचाही त्या कायद्यात समावेश झाला. २०१९ च्या सुधारित नियमांनी पदवीधर शिकाऊ उमेदवाराचे किमान विद्यावेतन दरमहा ९,००० रुपये ठरविले. तथापि आयटीआय आणि पदवी यांच्यामध्ये एक भिंत दीर्घकाळ उभी राहिली. आयटीआयचा मुलगा पदविकेच्या वाटेने अभियांत्रिकीपर्यंत पोहोचू शकत असे, परंतु वाट लांबची होती, आणि कुटुंबाचा चरितार्थ ज्याच्या खांद्यावर आहे त्याला ती बहुधा अर्ध्यावर सोडावी लागे.

ही भिंत पाडण्याच्या हेतूने विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये बॅचलर ऑफ व्होकेशन, म्हणजे बी.व्होक., ही पदवी योजिली. तिच्यात साधारणपणे ४० टक्के भाग सामान्य शिक्षणाचा व ६० टक्के भाग कौशल्याचा असतो. पहिल्या वर्षानंतर पदविका, दुसऱ्यानंतर प्रगत पदविका आणि तिसऱ्यानंतर पदवी अशा पायऱ्या असल्याने, मध्येच नोकरी धरावी लागली तरी विद्यार्थी रिकाम्या हाताने घरी जात नाही. १८८५ पासून वाङ्मय व शास्त्र यांची परंपरा सांभाळणाऱ्या फर्ग्युसन महाविद्यालयानेही असे अभ्यासक्रम सुरू केले. माणपासून फार दूर नसलेल्या किवळे येथे २०१७ मध्ये सिंबायोसिसचे कौशल्य विद्यापीठ स्थापन झाले. राज्य सरकारच्या कौशल्य विद्यापीठाला आता रतन टाटा यांचे नाव आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर टप्प्याटप्प्याने बाहेर पडण्याची व परत येण्याची मुभा सर्वच पदव्यांना देऊ केली आहे.

मग व्यवसायप्रधान पदवीच घ्यावी काय? येथे थोडे थांबून विचार करणे अवश्य आहे. एरिक हानुशेक, लुडगर वोसमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ११ देशांतील माहिती तपासून २०१७ मध्ये असा निष्कर्ष प्रसिद्ध केला, की व्यवसायशिक्षण घेतलेल्यास तरुणपणी नोकरी लवकर मिळते, परंतु वय वाढत जाते तसा हा लाभ ओसरतो, आणि उत्तरायुष्यात सामान्य शिक्षण घेतलेला पुढे जातो. कारण तंत्र बदलले की एकाच यंत्रापुरते शिकलेले कौशल्य जुने होते. चाकणच्या माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. पेट्रोल-डिझेलच्या इंजिनात ज्याचे सर्व ज्ञान सामावलेले होते, त्याच्यासमोर आज बॅटरी, मोटर आणि कंट्रोलर येऊन उभे आहेत. ज्याने विद्युत्‌शास्त्राची मूलतत्त्वे समजून घेतली होती तो काही महिन्यांत नवे काम आत्मसात करील, आणि ज्याने केवळ कोणता बोल्ट किती आवळावा एवढेच शिकून घेतले होते त्याला नव्याने आरंभ करावा लागेल.

ज्ञानप्रधान पदवीचे संकट निराळे आहे. ती बुद्धीला विस्तार देते, परंतु विद्यार्थी केवळ परीक्षेपुरते वाचीत राहिला, तर तीन वर्षांच्या शेवटी हाती एक कागद उरतो आणि काम कोणतेच येत नाही. उलट, ज्याचा पाया पक्का आहे त्याला कामाच्या जागीही पुढची विद्या मिळू शकते, बी.एस्सी. आणि बी.सी.ए. झालेल्यांना नोकरीत घेऊन त्याच काळात एम.टेक.पर्यंत नेण्याची विप्रोची योजना याची साक्ष देते. गणितात ज्याचे मन रमते, भाषेची ज्याला ओढ आहे, एखादी गोष्ट अशीच का घडते हे कळल्याशिवाय ज्याला चैन पडत नाही, त्याला चार पैसे लवकर मिळतील या लोभाने कार्यशाळेत ढकलणे हा अन्याय होय. आणि ज्याची बुद्धी यंत्र उघडले की जागी होते, त्याला लौकिकासाठी वर्गात बसविणे हाही तितकाच मोठा अन्याय होय.

म्हणून प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वी पालकांनी काही प्रश्न निःसंकोचपणे विचारावेत. संस्थेला विद्यापीठ अनुदान आयोगाची किंवा संबंधित विद्यापीठाची मान्यता आहे काय, आणि ती कागदावर दाखविली जाते काय? व्यवसायप्रधान पदवी असेल, तर कारखान्यातील प्रशिक्षणाची मुदत किती, विद्यावेतन कोण देतो, आणि त्या काळात मुलाला काम शिकविले जाते की केवळ स्वस्त मजूर म्हणून राबविले जाते? अभ्यासक्रमातील सामान्य शिक्षणाचा भाग खरोखर शिकविला जातो, की वेळापत्रकापुरताच राहतो? ‘कोणत्याही शाखेची पदवी’ एवढीच अट असलेल्या स्पर्धापरीक्षा बी.व्होक. पदवीधरास खुल्या आहेत. पदव्युत्तर प्रवेशासाठी मात्र विद्यापीठे विषयाची अट घालू शकतात, तेव्हा पुढे कोणते दरवाजे उघडतील याची खातरजमा आधीच करावी. ज्ञानप्रधान पदवी असेल, तर तिच्यासोबत हाताला काही काम, निदान एका हंगामाची उमेदवारी, घडेल काय, हे पाहावे.

यापलीकडे एक इशारा आपल्या समाजाने स्वतःला दिला पाहिजे. कौशल्याच्या शिक्षणाचा गौरव करायचा आणि आपल्या मुलासाठी मात्र ज्ञानप्रधान पदवी राखून ठेवायची, गरिबाच्या मुलाला आणि घरातल्या मुलीला मात्र ‘तुमच्यासाठी हेच बरे’ असे सांगायचे, ही वृत्ती बळावली, तर नव्या पदवीच्या रूपाने जुनी उतरंडच पुन्हा उभी राहील. माणच्या ज्या कुटुंबाने जमीन देऊन मोबदला घेतला, त्याच्या लेकरांना आयटी कंपनीच्या फाटकावर पहाऱ्याला उभे राहण्यापुरते शिक्षण पुरेसे आहे, असे कोणी म्हणू नये. निवड कोणतीही असो, तिच्यात कसे करावे हे शिकविणारा हात आणि का करावे हे शिकविणारी बुद्धी, या दोहोंना जागा असली पाहिजे. ज्या पदवीत यांपैकी एकालाच प्रवेश आहे, तिचे नाव कितीही भारदस्त असले, तरी ती अपुरी समजून तिची उणीव भरून काढण्याची तजवीज पहिल्याच वर्षापासून करावी.