दवाखान्याचा कागद जपून ठेवा

मी बँकेत कारकून आहे. व्हाउचरशिवाय एक रुपयाही इकडचा तिकडे होऊ द्यायचा नाही, हे काम गेली वीस वर्षे करीत आलो आहे. परंतु माझे वडील शस्त्रक्रियेनंतर सहाव्या दिवशी वारले, तेव्हा घरात त्यांच्या उपचाराचा कागद म्हणून औषध दुकानाची दोन बिले तेवढी होती. डॉक्टरांची चूक झाली की आजारच तसा होता, हे मला आजही सांगता येत नाही. कोणावर आरोप करण्यासाठी हे लिहीत नाही. प्रश्न विचारण्याचे साधनच मी हातचे घालविले, ते इतरांनी घालवू नये, एवढाच हेतू आहे.

डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत मिशन हॉस्पिटल उभारले आणि पुढे मिरज हे दवाखान्यांचे गाव झाले. कर्नाटकातूनही रुग्ण तेथे येतात. आपल्या कुपवाडकरांना तर ते हाकेच्या अंतरावर आहे. बहुसंख्य डॉक्टर मन लावून काम करतात, हे प्रथम मान्य केले पाहिजे. रुग्ण दगावला म्हणजे हलगर्जीपणा झालाच, असे कायदा मानत नाही. त्या शाखेचा सर्वसाधारण डॉक्टर जेवढी काळजी घेईल, तेवढी घेतली गेली नाही आणि त्यामुळेच इजा झाली, हे दाखवावे लागते. दोन निकाल पाहिले म्हणजे हे स्पष्ट होईल.

जुलै १९६३ मध्ये औरंगाबादच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये एका बाळंतिणीवर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. तिला ताप आला, पोट दुखू लागले. पुन्हा पोट उघडले तेव्हा आत रक्त टिपण्याचे कापड राहिलेले सापडले. ती माउली वाचली नाही. फेब्रुवारी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शासनाला जबाबदार धरले आणि खालच्या न्यायालयाने दिलेली ३६,००० रुपयांची भरपाई कायम केली. पोटात कापड राहणे हाच निष्काळजीपणाचा पुरावा होय, असे न्यायालयाने मानले. मात्र या निकालाला जवळजवळ ३३ वर्षे लागली.

दुसरे प्रकरण मुंबईचे. १९९२ मध्ये एका होमिओपॅथी डॉक्टराने तापाच्या रुग्णाला ॲलोपॅथीची औषधे दिली. रुग्ण दगावला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या पत्नीला तीन लाख रुपये भरपाई देवविली. जी पद्धत आपण शिकलो नाही ती वापरणे हाच निष्काळजीपणा, असे न्यायालय म्हणाले. आपण मात्र ‘सुई देतो तो डॉक्टर’ असे समजून चालतो!

तेव्हा प्रत्येक कुटुंबाने पुढील गोष्टी पाळाव्यात.

१) डॉक्टरांची पदवी व नोंदणी क्रमांक पाहावा. तो दवाखान्यात व औषधाच्या चिठ्ठीवर असलाच पाहिजे.

२) कोणत्या औषधाची पूर्वी ॲलर्जी आली, मधुमेह किंवा रक्तदाब आहे काय, कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे आपण होऊन सांगावे. लपविलेला आजार जिवावर बेततो.

३) संमतीपत्रावर वाचल्याशिवाय सही किंवा अंगठा करू नये. कोणती शस्त्रक्रिया, धोका काय, दुसरा उपाय आहे काय, हे विचारावे. जिवाला तातडीचा धोका नसेल तर एका शस्त्रक्रियेच्या संमतीवर दुसरी करता येत नाही, असा २००८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे.

४) घाई नसेल तेव्हा मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे. त्यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान नाही.

५) प्रत्येक पैशाची पावती घ्यावी. चिठ्ठ्या, तपासण्यांचे अहवाल व डिस्चार्ज कार्ड तारखेप्रमाणे एका फायलीत लावावे.

६) केसपेपरच्या नकला लेखी अर्जाने मागाव्यात व अर्जाची पोच घ्यावी. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे त्या ७२ तासांत मिळाल्या पाहिजेत. आंतररुग्णांचे कागद तीन वर्षे सांभाळणे दवाखान्यावर बंधनकारक आहे, म्हणून उशीर करू नये.

एवढे करूनही अन्याय झाला असे वाटले तर कोठे जावे? फी घेऊन उपचार करणारा डॉक्टर ग्राहक कायद्यात येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर १९९५ रोजी ठरविले. आता १९८६ च्या जागी २०१९ चा कायदा आहे. त्यानुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. उपचारासाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही आणि वकील दिलाच पाहिजे असेही नाही. आपल्या एम.आय.डी.सी.तील कामगारांनी लक्षात ठेवावे की, ई.एस.आय.चे उपचारही या कायद्यात येतात, असा २००७ चा निकाल आहे. जेथे सर्वांनाच मोफत उपचार मिळतात त्या सरकारी रुग्णालयाविरुद्ध मात्र दिवाणी न्यायालयात जावे लागते. डॉक्टरांच्या वर्तनाबद्दल महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडेही तक्रार करता येते.

वकिलाचा खर्च झेपणार नाही म्हणून गप्प बसू नये. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि औद्योगिक कामगार यांना मोफत कायदेशीर मदतीचा हक्क दिला आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. संतापाच्या भरात दवाखान्याच्या काचा फोडणे मात्र २०१० च्या कायद्याने गुन्हा आहे. त्यातून गेलेला माणूस परत येत नाही, उलट घरातला तरुण मुलगा तुरुंगात जातो.

विद्यार्थी मित्रांना एक विनंती आहे. आपल्या आई-वडिलांना, शेजारच्या आजीला इंग्रजीतील कागद वाचता येत नाही. त्यांच्याबरोबर दवाखान्यात जा. सही करण्यापूर्वी कागद वाचून दाखवा, न समजलेले डॉक्टरांना नम्रपणे विचारा आणि घरी आल्यावर फाईल लावा. माझ्या वडिलांच्या वेळी हे करणारे कोणी नव्हते. मी होतो, पण मी विचारले नाही.