एफ कॉर्डपाशी अडलेली गिटार

सी, जी, डी जमले की उत्साह वाढतो. पण एफ आला की, क्लासची फी भरलेली असली तरी, गिटार कपाटावर जाते. एकट्या तर्जनीने सहाही तारा दाबणे नवशिक्याला कसे झेपावे?

आधी आकृती वाचा. उभ्या रेघा म्हणजे तारा, डावीकडची सर्वांत जाड. आडव्या रेघा म्हणजे पडदे. फुलीची तार वाजवायची नाही, शून्याची मोकळी सोडायची. आता सी धरा. तर्जनी तिथेच ठेवून मधले बोट व अनामिका त्याच पडद्यात एकेक तार बारीक तारेकडे सरकवा. झाला एफ मेजर सेव्हन! जाड दोन तारा वगळून चारच छेडा. पुष्कळ गाण्यांत तो एफच्या जागी खपून जातो. तार खरखरली तर बोट पडद्याच्या पट्टीलगत न्या.