घटनादुरुस्तीला मर्यादा किती?

भारतीय राज्यघटनेत बदल करण्याची रीत घटनेच्याच कलम ३६८मध्ये सांगितली आहे. प्रत्येक सभागृहात एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांचे दोनतृतीयांश मत हवे. राष्ट्रपतींच्या निवडणुकीसारख्या विषयांत निम्म्या राज्य विधिमंडळांची संमतीही लागते. नवे राज्य मात्र साध्या बहुमताने होते. १९६० साली महाराष्ट्र तसाच झाला.

बहुमत जमले, की संसदेला काहीही बदलता येते का? १९७३च्या केशवानंद भारती खटल्यात तेरापैकी सात न्यायाधीशांनी ‘नाही’ म्हटले: घटनेची मूलभूत चौकट मोडता येणार नाही. हे शब्द घटनेत कुठेच नाहीत! १९७६च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने हे बंधन झुगारले. १९८०मध्ये मिनर्व्हा मिल्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती पोटकलमे रद्दबातल ठरविली. छापील घटनेत ती आजही तळटिपेसह आहेत.