मत नाही, पण डब्यावर नजर
(जगाच्या आरोग्याचा कारभार : भाग ६)

२१ मे १९८१ रोजी जिनिव्हात जागतिक आरोग्य सभेत मतदान झालं. बाजूने ११८, तटस्थ ३, विरोधात १. ते एकमेव विरोधी मत अमेरिकेचं. विषय होता बाळांच्या दूध-पावडरीच्या जाहिरातबाजीला आळा घालणारी आंतरराष्ट्रीय संहिता. मतं सरकारांनी दिली. पण हा विषय तिथवर रेटत नेण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, त्यांना सभागृहात मतच नव्हतं. आजचा भाग त्या बिनमताच्या मंडळींचा.

त्याआधीच्या काळात आफ्रिका-आशियातल्या प्रसूतिगृहांत नर्ससारखा गणवेश घातलेल्या बायका फिरत. पगार कंपनीचा, हातात पावडरीचा फुकट नमुना. नमुना संपेपर्यंत अंगावरचं दूध आटू लागलेलं असे, मग डबा विकत घेणं आलंच. तो परवडत नाही म्हणून पावडर पातळ कालवायची. पाणी गढूळ, बाटली उकळायला सरपण नाही. जुलाब, कुपोषण आणि पुष्कळदा मृत्यू. १९७४ मध्ये ब्रिटनच्या 'वॉर ऑन वॉन्ट'ने यावर 'द बेबी किलर' ही पुस्तिका काढली. १९७७ मध्ये अमेरिकेत नेस्लेवर बहिष्कार सुरू झाला. ऑक्टोबर १९७९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी जिनिव्हात बैठक बोलावली. तिथे जमलेल्या सहा संस्थांनी मिळून 'इंटरनॅशनल बेबी फूड ॲक्शन नेटवर्क' म्हणजे 'इब्फान' स्थापन केलं.

मोर्चे आणि पत्रकं हा त्यांच्या कामाचा दिसणारा भाग. खरी मेहनत दुकानात आणि दवाखान्यात. सभासद संस्था आपापल्या देशात डबे, लेबलं, कंपनीच्या भेटवस्तू असा पुरावा जमवतात आणि कोणत्या कंपनीने काय केलं ते नावानिशी छापतात. मलेशियात पेनांगला त्यांचं केंद्र आहे, तिथे सरकारी अधिकाऱ्यांना कायद्याचा मसुदा कसा लिहायचा ते शिकवतात. काम रटाळ, पण माझ्या मते सगळ्यात वजनदार. संहिता ही शेवटी शिफारस. देशाने कायदा केला तरच तिला दात येतात.

आपल्याकडे डिसेंबर १९९१ मध्ये वर्ध्याला 'ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया' सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी कायदा आला. डब्यावर बाळाचं वा बाईचं चित्र चालणार नाही, आईचं दूध सर्वोत्तम असं ठळक छापलं पाहिजे. शिवाय सरकारने अधिकृत केलेल्या स्वयंसेवी संस्थेला थेट न्यायालयात तक्रार करता येते. ही तरतूद फार मोलाची. मुंबईच्या 'अकॅश' या ग्राहक संस्थेने १९९४ मध्ये नेस्लेविरुद्ध तक्रार नेली. ते प्रकरण वर्षानुवर्षं रेंगाळलं, तो भाग वेगळा! २००३ च्या दुरुस्तीने डॉक्टरांच्या परिषदांना या कंपन्यांनी पैसा पुरवणंही बंद केलं.

वर्ध्यात सुरू झालेलं हे नेटवर्क बेबीफूड किंवा बाटल्या बनवणाऱ्यांकडून छदामही घेत नाही. सगळ्याच आघाड्या असं सोवळं पाळत नाहीत. आरोग्याच्या नावाने चालणाऱ्या काहींच्या सभासदांत औषध कंपन्याही असतात. त्यात बेकायदा काही नाही. पण त्यांचं निवेदन वाचण्याआधी देणगीदारांची यादी मी तरी वाचतो.

पुढच्या आठवड्यात औषधांच्या किमतींवर भांडणाऱ्या आघाड्या. तिथे पेटंटचा कायदा मध्ये येतो, आणि भांडण जिनिव्हातच, पण दुसऱ्या इमारतीत चालतं.