ठेक्यावर चाललेलं युद्ध

मूकपट म्हटला की आपल्याला हातवारे आठवतात. ‘द बिग परेड’ मात्र पाहताना कान टवकारले जातात. एमजीएमच्या या १९२५ सालच्या चित्रपटाचा दिग्दर्शक किंग व्हिडॉर.

गोष्ट तशी साधी. श्रीमंताघरचा आळशी जिम पहिल्या महायुद्धात फ्रान्सला जातो आणि खेड्यातल्या मेलिसांडच्या प्रेमात पडतो. त्याला फ्रेंच येत नाही, तिला इंग्रजी. मग तो तिला च्युइंगगम चघळायला शिकवतो. ती ते ओढून ताणून बघते आणि शेवटी गिळून टाकते! जॉन गिल्बर्ट आणि रेने अडोरे यांचा हा प्रसंग पटकथेत नव्हता. व्हिडॉरला तो ऐनवेळी सुचला. कॅमेरा जागचा हलत नाही, मधे कापाकापी नाही. मूकपटांतला इतका निवांत प्रणय मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

पण व्हिडॉरची खरी कारागिरी आहे ती जंगलातल्या चढाईत. लष्कराने टिपलेल्या चित्रफितींत त्याला एक अंत्ययात्रा दिसली होती. तिची संथ चाल त्याने मेट्रोनोमवर मोजली आणि चित्रीकरणाच्या जागी मोठा ढोल आणवला. प्रत्येक ठोक्याला एक पाऊल. गोळी लागून कोसळायचं तेही ठोक्यावरच. हा काय बॅले आहे का, असं एक नट वैतागून म्हणाल्याची आठवण व्हिडॉरने आत्मचरित्रात सांगितली आहे. चित्रपटगृहातही या प्रसंगी वाद्यवृंद थांबे आणि ढोल तेवढा वाजत राही.

ताटातुटीच्या प्रसंगात मात्र ठेका पार मोडतो. ट्रक सुटलेले, मेलिसांड जिमचा पाय धरून फरफटत जाते, मग ट्रकची साखळी धरते. हात सुटतो. जिम तिच्याकडे घड्याळ फेकतो, गळ्यातला बिल्ला फेकतो, शेवटी एक बूट. रिकाम्या रस्त्यावर ती तो बूट उराशी धरून बसते.

पुढे जिमचा पायच जातो. मूळ कथा लिहिणाऱ्या लॉरेन्स स्टॉलिंग्जनेही बेलो वुडच्या लढाईतल्या जखमेपायी पाय गमावला होता. त्यामुळे हा नुसता कथेतला योगायोग वाटत नाही.

न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टर थिएटरात हा चित्रपट दीड वर्षाहून अधिक काळ चालला. शेवटच्या दृश्यात मेलिसांड शेतात नांगरते आहे. दूर टेकडीवर एक आकृती दिसते. ती लंगडत येते आहे, कुठल्याच ठेक्यात न बसणाऱ्या चालीने.