वैमानिकाचा चष्मा

1920 सालच्या फेब्रुवारी महिन्याची 27 तारीख. अमेरिकेतील डेटन शहराजवळच्या विमानतळावरून मेजर श्रोडर नावाच्या धाडसी वैमानिकाने आकाशात झेप घेतली. पूर्वी कोणी गाठली नव्हती एवढी उंची गाठण्याचा त्याचा निश्चय होता. त्या काळी वैमानिकाची जागा उघडी असे; वारा आणि थंडी यांपासून डोळ्यांचे रक्षण करण्यासाठी घट्ट बसणारा मोठा चष्मा हेच काय ते साधन होते. सुमारे 33,000 फुटांवर श्रोडरला प्राणवायू कमी पडू लागला. त्या धांदलीत त्याने चष्मा वर सरकविला, आणि क्षणार्धात तेथील भयंकर थंडीने त्याचे डोळे गोठले. तो बेशुद्ध झाला व विमान वेगाने खाली कोसळू लागले. सुदैवाने खालच्या दाट हवेत त्याला शुद्ध आली आणि जवळजवळ अंध अवस्थेतच त्याने विमान जमिनीवर उतरविले. वैमानिकाच्या डोळ्यांचे मोल काय असते, हे त्या दिवशी जगाला दिसून आले.

पुढे विमाने बंदिस्त झाली, थंडीवाऱ्याचे भय गेले. परंतु दुसरा एक शत्रू उरलाच. तो म्हणजे सूर्याचा प्रखर प्रकाश. जमिनीवर आपल्याला ऊन बहुधा वरून लागते. आकाशात मात्र ते वरून लागते, समोरून लागते आणि पांढऱ्याशुभ्र ढगांवरून परावर्तित होऊन खालूनही लागते. शिवाय डोळ्यांना न दिसणारे, पण त्यांना अपाय करणारे जंबुपार किरण उंचीबरोबर वाढत जातात; दर हजार मीटरला त्यांचे प्रमाण सुमारे दहा टक्क्यांनी अधिक होते. 1930 नंतरच्या दशकात अमेरिकेतील बॉश अँड लाँब या कंपनीने वैमानिकांसाठी हिरवट भिंगांचे चष्मे तयार केले आणि 1937 साली ते ‘रे-बॅन’ या नावाने बाजारात आणले. ‘किरणांना बंदी’ असा त्या नावाचा अर्थ. आपल्याकडे ज्याला सर्वजण गॉगल म्हणतात, त्याच्या एका लोकप्रिय घाटाचा जन्म असा विमानविद्येतून झाला.

तथापि, दिसावयास ऐटदार असलेला प्रत्येक गॉगल वैमानिकाच्या उपयोगाचा नसतो. पहिली गोष्ट भिंगाच्या काळेपणाची. भिंग फार फिकट असेल तर डोळे दिपतात. फार गडद असेल तर समोरची सावलीतील यंत्रे आणि हातातील नकाशा दिसत नाही. म्हणून सुमारे 15 टक्के प्रकाश आत येऊ देणारे भिंग योग्य समजले जाते. केवळ काळेपणावर विसंबूनही चालत नाही. गडद काचेमागे डोळ्याची बाहुली मोठी होते. अशा वेळी ती काच जंबुपार किरणांना अडविणारी नसेल, तर उलट अधिक किरण डोळ्यांत शिरतात.

दुसरी गोष्ट रंगाची. विमानाच्या डाव्या पंखाच्या टोकाशी तांबडा आणि उजव्या पंखाच्या टोकाशी हिरवा दिवा असतो. दुरून येणाऱ्या विमानाचे तोंड कोणत्या दिशेस आहे, हे त्या दिव्यांवरून कळते. भिंगाने हे रंगच बदलून टाकले तर अनर्थ ओढवेल. करड्या रंगाचे भिंग सर्व रंगांना जवळजवळ सारखेच मंद करते. म्हणून ते उत्तम.

तिसरी गोष्ट सर्वांत चमत्कारिक आहे. पाण्यावरची चकाकी नाहीशी करणारी ‘पोलराइज्ड’ भिंगे कोळ्यांना आणि मोटार हाकणाऱ्यांना फार आवडतात. पाण्यासारख्या आडव्या पृष्ठभागावरून येणाऱ्या प्रकाशाची कंपने मुख्यतः आडवी असतात. ही भिंगे ती अडवितात आणि उभी कंपने तेवढी आत सोडतात. पण विमानातील अनेक यंत्रांच्या पडद्यांवरून येणारा प्रकाशही एकाच दिशेने कंप पावणारा असतो. अशा चष्म्यातून पाहताना मान थोडी कलली, की पडदा काळा दिसू शकतो! त्याहून मोठा धोका निराळाच आहे. दूरचे विमान पुष्कळदा त्याच्या पंखावर क्षणभर चमकणाऱ्या उन्हामुळेच ध्यानात येते. ती चमकच पुसली गेली, तर टक्कर टाळण्यास लागणारे मोलाचे क्षण हातचे जातात. म्हणून जे भिंग कोळ्याला साह्यकारी, तेच वैमानिकाला वर्ज्य.

उन्हात आपोआप काळी होणारी भिंगेही येथे फारशी कामास येत नाहीत. ती जंबुपार किरणांमुळे काळी होतात, आणि विमानाची समोरची काच त्यांतील बरेचसे किरण आधीच अडविते. शिवाय विमान लख्ख उन्हातून ढगाच्या अंधारात शिरले, तर ती लगेच निवळत नाहीत.

उरली चौकट. तिच्या काड्या बारीक असाव्या लागतात. जाड काड्यांमुळे कानांवरील श्रवणयंत्र नीट टेकत नाही, फटीतून इंजिनाचा आवाज आत येतो आणि नियंत्रकाची सूचना ऐकू येईनाशी होते. शेवटचा नियम साधा आहे: दिवस मावळू लागला, की चष्मा काढून ठेवावा.

एखादी वस्तू चांगली की वाईट, हे तिच्या डौलावरून किंवा किमतीवरून ठरत नाही; ती कोणत्या कामासाठी हवी आहे, यावरून ठरते. शेकडो प्रवाशांचे प्राण ज्याच्या नजरेवर अवलंबून असतात, तो वैमानिक चष्मा निवडताना आरशात पाहत नाही. आकाशात आपल्याला काय काय दिसले पाहिजे, याचा तो विचार करतो.