दिसतो आकडा, पण असतो मजकूर

बारावी सायन्स किंवा बीएस्सीला असलेली आपली मुलं-मुली आता प्रकल्पासाठी पावसाचे खरे आकडे वापरू लागली आहेत. चांगली गोष्ट आहे. भारतीय हवामान विभागाच्या पुणे कार्यालयाच्या वेबसाइटवर १९०१ पासूनचा रोजचा पाऊस मिळतो, घरबसल्या उतरवून घेता येतो. देशाच्या नकाशावर पाव-पाव अंशाची जाळी टाकली आहे आणि प्रत्येक बिंदूचा पाऊस मिलिमीटरमध्ये दिला आहे. आपल्या सिंदी मेघेसाठी २०.७५ अक्षांश आणि ७८.५ रेखांशाच्या आसपासचा बिंदू बघावा.

फाइल उघडली की मुलं लगेच सरासरी काढायला बसतात. तिथेच गडबड होते. आधी एक प्रश्न विचारायला हवा: हा रकाना (उर्दूत आपण खाना म्हणतो) कोणत्या प्रकारचा आहे? पूर्णांक, दशांश, मजकूर की तारीख? यालाच डेटा टाइप म्हणतात. पायथनमधल्या नमपाय, पांडाज, एक्सअरे या लायब्ररींमध्ये रकान्याच्या नावापुढे टिंब देऊन ‘डीटाइप’ लिहिलं की उत्तर मिळतं. ‘फ्लोट’ आलं तर दशांश, ‘इंट’ आलं तर पूर्णांक. पांडाजमध्ये ‘ऑब्जेक्ट’ आलं तर समजा, आत कुठेतरी मजकूर शिरला आहे.

मजकूर शिरायला फार काही लागत नाही. हजारो आकड्यांत एका ठिकाणी कोणी ‘निरंक’ लिहिलं किंवा नुसती आडवी रेघ मारली, तरी अख्खा रकाना मजकूर म्हणून वाचला जाऊ शकतो. मग १२ आणि ८ ची बेरीज २० येत नाही, १२८ येते. चढत्या क्रमाने लावलं तर १०० हा २० च्या आधी येतो. संगणक तक्रार करत नाही, हेच वाईट.

दुसरी भानगड ‘उणे ९९९’ ची. जिथली नोंद नाही तिथे हवामान विभागाच्या फाइलमध्ये हा आकडा असतो. समजा पाच दिवसांचा पाऊस १२, ०, ८, उणे ९९९ आणि २० असा आहे. सरळ सरासरी काढली तर उणे १९१.८ मिलिमीटर! खरी सरासरी चार दिवसांची, म्हणजे १०. शून्य म्हणजे पाऊस पडला नाही, उणे ९९९ म्हणजे माहीत नाही. टाइप दोन्हींचा एकच, म्हणून नुसता टाइप बघूनही भागत नाही. फाइलसोबतची माहिती वाचावी लागते.

फाइलच काही सांगत नसेल तर? हाच पाऊस ‘जीआरडी’ नावाच्या प्रकारातही मिळतो. त्यात नुसते आकडे, वर मथळा नाही. तिथे आकारावरून हिशेब लावता येतो. जाळीत १३५ गुणिले १२९, म्हणजे १७,४१५ बिंदू. ३६५ दिवसांचे ६३,५६,४७५ आकडे. फाइल २,५४,२५,९०० बाइटची. भागाकार करा, प्रत्येक आकड्याला बरोबर ४ बाइट येतात. म्हणजे ३२ बिटचा आकडा. आता तो दशांश की पूर्णांक, हे एकदा वाचून बघितलं की कळतं: पूर्णांक म्हणून वाचला तर पाऊस अब्जावधी मिलिमीटर दिसतो. अशी खातरजमा मुलांकडून हातानेच करून घ्यावी असं मला वाटतं.

काही फाइलींमध्ये जागा वाचवायला २५.३ ऐवजी २५३ साठवतात आणि ‘०.१ ने गुणा’ अशी सूचना जोडतात. एक्सअरे तो गुणाकार स्वतःच करून देते. त्यामुळे साठवलेला प्रकार एक आणि दिसणारा दुसरा, असं होतं. घाबरायचं कारण नाही, फक्त दोनदा गुणू नका.

हे फक्त सायन्सवाल्यांसाठी नाही, अम्मी-अब्बूंनीही वाचावं. स्कॉलरशिपच्या याद्या बहुतेक ठिकाणी एक्सेलमध्ये बनतात. खाते क्रमांक शून्याने सुरू होत असेल आणि रकाना अंकांचा असेल, तर एक्सेल ते शून्य गाळतं. १२ अंकी आधार क्रमांक मधे ‘ई’ घालून आखडून दाखवतं. क्रमांक १६ अंकी असेल तर शेवटचा अंक शून्य करून टाकतं, आणि तो नंतर परत मिळत नाही. पैसे अडकतात ते असे. ज्या आकड्याची कधी बेरीज करायची नाही, तो मजकूरच समजायचा. टाइप करण्याआधी रकाना निवडून ‘टेक्स्ट’ करावा, नंतर करून गेलेला अंक येत नाही.

मोठमोठे शास्त्रज्ञही यातून सुटले नाहीत. ‘मार्च १’ आणि ‘सेप्ट २’ अशी नावं असलेल्या मानवी जनुकांना एक्सेल तारीख समजायचं. शेवटी २०२० च्या सुमारास त्या जनुकांचीच नावं बदलली! उलट हिजरी तारीख, जसं १/९/१४४६, एक्सेल मजकूरच ठेवतं, कारण त्याचं कॅलेंडर १९०० पासून सुरू होतं. त्यामुळे रमजानच्या हिशेबाची वही एक्सेलमध्ये ठेवणाऱ्यांनी दिवस, महिना आणि साल तीन वेगळ्या रकान्यांत लिहावं, म्हणजे क्रम नीट लागतो.